एका बाजूला मारवा, दुसऱ्या बाजूला दरबारी: परत ऐकलेल्या चार रेकॉर्डी

बाबांचा रेकॉर्ड प्लेयर सहा-सात वर्षं कपाटावर पडून होता, बेल्ट सैल झालेला, पिन पार झिजलेली. गणपतीच्या आधी एक जुना मिस्त्री सापडला, त्याने बेल्ट बदलला, नवी पिन बसवली आणि स्पीडही नीट करून दिला, कारण आधी सगळं जवळजवळ अर्धा सूर वर वाजत होतं, पेटीवर षड्ज, म्हणजे सा, लावून बघितला तेव्हा कळलं. तेव्हापासून घरी रोज एक बाजू वाजते. त्या निमित्ताने परत ऐकलेल्या चार रेकॉर्डींबद्दल लिहावंसं वाटलं. यातलं सगळं मी आधी फोनवर शेकडो वेळा ऐकलंय, पण एक गोष्ट आत्ता कुठे नीट लक्षात आली की या लोकांनी रेकॉर्डवर जेवढी जागा मिळाली तेवढीच धरून गाणं बांधलंय. मैफलीत तास-दीड तास राग मांडणारा माणूस वीसेक मिनिटांत, नाहीतर मिनिटाला ७८ फेरे घेणाऱ्या जुन्या तबकडीवर तीन-सव्वातीन मिनिटांत गातो आणि कात्री लावल्यासारखं कुठेच वाटत नाही.

पहिली उस्ताद अमीर खांसाहेबांची, एका बाजूला राग मारवा, दुसऱ्या बाजूला राग दरबारी. साठच्या दशकातली ही एलपी ज्यांच्याकडे आहे ते ती सहसा कुणाला उसनी देत नाहीत आणि अगदी बरोबर करतात. मारव्यात 'पिया मोरे अनत देस' सुरू होतं ते इतकं संथ की पहिल्यांदा ऐकणाऱ्याला वाटेल अजून सुरुवातच झाली नाही. झुमरा तालाच्या चौदा मात्रा, ठेका अगदी साधा, तबलेवाला मध्ये मध्ये काही करत नाही, आणि खांसाहेब खालच्या सप्तकात, मंद्रात, धैवत-निषादाशी (ध-नी) बसलेले. मारव्यात पंचम (प) नाहीच, कोमल ऋषभ (रे) आणि शुद्ध धैवत यांच्यावर सगळा डोलारा, आणि षड्ज आहे पण तो सारखा टाळायचा. हे पुस्तकात वाचून काही कळत नाही हो, इथे ऐकून कळतं. ते निषादावरून थेट ऋषभावर जातात, तिथे थांबतात, आणि आपला कान नकळत षड्जाकडे वळलेला असतो, आता येईल आता येईल, आणि ते परत खाली धैवताला निघून जातात. असं तीन-चारदा झाल्यावर जेव्हा षड्ज खरंच लागतो ना, तेव्हा बसल्या जागी श्वास सुटतो. मी हे लिहिताना परत ऐकलं, परत तसंच झालं.

काहींना ही रेकॉर्ड कोरडी वाटते, हे मी अनेकांकडून ऐकलंय आणि मला ते मुळीच पटत नाही. आवाज वर चढवून भावना दाखवणं हा त्यांचा मार्गच नव्हता. मेरुखंडाचा, म्हणजे सुरांचे सगळे क्रम उलटसुलट घोटण्याचा, रियाज केलेला माणूस, चार सुरांच्या चोवीस जागा त्याच्या गळ्यात तयार, आणि एवढं असून तो त्यातल्या दोनच जागा घेतो आणि गप्प बसतो. सरगमसुद्धा हिशोब मांडल्यासारखी येत नाही, बोलता बोलता आल्यासारखी येते. द्रुत, म्हणजे जलद लयीतलं, 'गुरु बिन ग्यान' सुरू झालं की थोडं ऊन आल्यासारखं वाटतं, तरी गडबड नाही.

दरबारीची बाजू वेगळीच. तो आंदोलित गंधार (ग), कोमल, हलत हलत खाली येणारा, तो हार्मोनियमवर वाजवून दाखवताच येत नाही, इथे तो अगदी जवळून ऐकू येतो. शेवटी तराणा, 'यार-ए-मन बिया बिया'. मला लहानपणी वाटायचं तराण्यात नुसते दिर-दिर, तोम-तनन असे बिनअर्थाचे शब्द असतात. खांसाहेबांचं म्हणणं होतं की त्या अक्षरांमागे फारसीतले सूफी अर्थ आहेत, आणि इथे तर सरळ हाक आहे, माझ्या दोस्ता ये, ये. हा अर्थ कळल्यानंतर ती दहा-बारा सेकंदं मला पूर्वीसारखी ऐकताच येत नाहीत.

दुसरी किशोरीताई आमोणकरांची, भूप आणि बागेश्री या रागांची एलपी. 'सहेला रे' माहीत नाही असं घर मराठी माणसात सापडणं अवघड, रिंगटोन म्हणून ऐकलंय, लग्नाच्या व्हिडिओवर ऐकलंय. पण 'सहेला रे'च्या आधी 'प्रथम सुर साधे' आहे आणि ते वगळून तुम्ही थेट द्रुतावर आलात तर अर्धी रेकॉर्ड गमावली असं मी सरळ म्हणेन. भूपात सूर पाचच, सा रे ग प ध, शिकायला बसलेल्या पोरांना पहिल्या काही महिन्यांत देतात तो राग. त्याच पाच सुरांत ताई गंधारावर येतात तेव्हा तो प्रत्येक वेळी वेगळ्या वाटेने येतो, कधी पंचमाचा कण घेऊन, कधी ऋषभावरून हळूच सरकत, आणि धैवतावर जरा जास्त रेंगाळलं तर त्याच सुरांचा देशकार राग डोकावेल म्हणून तिथून वेळेवर निघतात. हे सांभाळणं ऐकायला मला फार आवडतं. आई मोगूबाईंची तालीम, जयपूर घराण्याची ती एकात एक गुंफलेली लय, आणि त्यावर ताईंची स्वतःची आलापी, दोन्ही एकाच बाजूत ऐकायला मिळतं. आणि मग द्रुताच्या बंदिशीत सात सुरांचे भेद सांगू असे शब्द येतात, राग मात्र पाच सुरांचा, आणि त्या पाचांत काही कमी आहे असं एकदाही वाटत नाही.

आता तक्रार. माझी ही एलपी सेकंडहँड आहे, दुकानदाराने कव्हर दाखवलं, तबकडी उजेडात धरू दिली नाही, आणि घरी आल्यावर कळलं की विलंबितात, म्हणजे संथ भागात, एका समेवर (तालाच्या पहिल्या मात्रेवर) खोल चरा आहे. मुखडा येतो, सम पडायची आणि तिथेच टक्क. म्हणून सांगतो, जुनी रेकॉर्ड घेताना ती हातात घ्या, कडेने धरा, तिरकी करून ट्यूबलाइटखाली बघा, दुकानदार नको म्हणाला तर तिथून निघा. आणि ज्या ॲपवर मी आधी हे ऐकायचो तिथे विलंबित आणि द्रुत असे दोन वेगळे ट्रॅक करून ठेवलेत आणि मधे दोन सेकंदांची शांतता टाकलीय. तानपुरासुद्धा तुटतो हो! ठेका बदलतानाचा तो क्षण, तबलेवाला नवी लय धरतो तो क्षण, तोच कापला. असं करणाऱ्याने एकदा तरी पूर्ण बाजू ऐकायला हवी होती.

तिसरी अब्दुल करीम खांसाहेबांची ठुमरी, झिंझोटी रागातली 'पिया बिन नाही आवत चैन'. मी मूळचा मिरजेचा, त्यामुळे ही आमच्या घरची गोष्ट असल्यासारखी वाटते. खांसाहेब वारले १९३७ मध्ये, मद्रासजवळ एका रेल्वे स्टेशनवर, पण त्यांची कबर मिरजेत ख्वाजा शमना मीरा दर्ग्यात आहे आणि उरुसाला तिथे गाणारे येऊन हजेरी लावतात. लहानपणी बाबांच्या मांडीवर बसून मी तिथे रात्र काढलीय. भीमसेन जोशींनी लहान असताना हीच ठुमरी रेकॉर्डवर ऐकली आणि गाण्याच्या ओढीने घर सोडलं ही गोष्ट तर सगळ्यांना ठाऊक आहे. तीन मिनिटं. एवढ्यात तो बारीक, वरच्या पट्टीतला, तारेसारखा आवाज येतो आणि तानपुऱ्यात असा मिसळतो की गळा कुठला आणि तार कुठली ते कळायला वेळ लागतो. 'चैन' हा शब्द ते दरवेळी थोडा अपुरा सोडतात.

यासाठी मूळ ७८ ची तबकडी मिळाली तर उत्तमच, पण माझ्याकडे नाही, मी सीडीवर ऐकतो. दोन सीडी घेतल्या. एकीत खरखर आहे, पाऊस पडत असल्यासारखी. दुसरी साफ केलेली, पण साफ करणाऱ्याने खरखरीबरोबर तानपुराही पुसलाय आणि आवाज डब्यातून आल्यासारखा झालाय. पहिलीच घ्या. खरखरीची कानाला दोन मिनिटांत सवय होते, गेलेला तानपुरा परत येत नाही.

चौथी केसरबाई केरकरांची भैरवी, 'जात कहाँ हो'. गोव्याच्या केरी गावातली ही बाई, अल्लादियाखांची शिष्या, आणि तिची ही साडेतीन मिनिटांची भैरवी १९७७ मध्ये व्हॉयेजर अवकाशयानांवरच्या सोन्याचा मुलामा दिलेल्या तबकडीत गेली. व्हॉयेजर १ निघालं ५ सप्टेंबरला आणि केसरबाई गेल्या १६ सप्टेंबरला, अकरा दिवसांनी. पण मला सांगायचंय ते गाण्याबद्दल, कारण या रेकॉर्डची ओळख करून देताना सगळे अवकाशाबद्दल बोलतात आणि आवाज राहून जातो. काय भरदार आवाज! मुरकी, नखरा काही नाही, खुला आ-कार, आणि दमसास असा की तुम्ही वाट बघत राहता की आता श्वास घेतील. भैरवी म्हटलं की आपण हळवं काहीतरी अपेक्षित धरतो, बाई भैरवी ताठ मानेने गातात. फोनच्या स्पीकरवर हा आवाज अर्धाच राहतो, बरा हेडफोन तरी लावा.

नवीन ऐकणाऱ्याने कुठून सुरू करावं असं विचाराल तर भूप आधी. मग झिंझोटी, मग केसरबाई. मारव्याला घाई करू नका, आणि लावाल तेव्हा दिवेलागणीलाच लावा, सकाळी दहाला ऑफिसला जाताना मारवा लावून 'जमलं नाही' म्हणू नका. अमीर खांसाहेबांच्या त्या एलपीच्या दोन बाजूंत किती वेळ आहे बघा ना, मारव्याची बाजू सूर्य बुडतानाची, दरबारीची मध्यरात्रीची. पलटायला पाच सेकंद लागतात, पण बाबा कधीच लगेच पलटायचे नाहीत. मारवा संपला की पिन उचलून ठेवायचे, तबकडीवरून मऊ कापड फिरवायचे, प्लेयरचं झाकण लावायचे आणि रेकॉर्ड तशीच आत. मग जेवणं, आईची आवराआवर, बातम्या, आम्ही पोरं झोपलेली. अकरा-साडेअकराला झाकण उघडल्याचा आवाज यायचा. आता आमच्याकडेही तसंच चालतं, बायको विचारते, "पलटायची का?" आणि मी म्हणतो, थांब, अजून साडेनऊच झालेत.