जुना आय५-२५००के: ओव्हरक्लॉक करावा, आय७ बसवावा की मशीनच बदलावी?

इंटेलचा आय५-२५००के हा प्रोसेसर बाजारात आला जानेवारी २०११ मध्ये, आणि अजूनही कुणाच्या ना कुणाच्या टेबलाखाली तो इमानेइतबारे घरघरत असतो. चार कोअर, चार थ्रेड (म्हणजे एकाच वेळी चार कामं), मूळ वेग ३.३ गिगाहर्ट्झ. आता तो पुरत नाही असं वाटायला लागलं की तीन वाटा दिसतात: त्यालाच ओव्हरक्लॉक करा, म्हणजे ठरवून दिलेल्यापेक्षा जास्त वेगाने चालवा, त्याच सॉकेटमध्ये बसणारा आय७-३७७० सेकंडहँड आणा, किंवा बोर्ड-रॅमसकट सगळं नवं घ्या. माझं मत आधीच सांगून टाकतो. बोर्ड धड असेल तर ४.२ गिगाहर्ट्झपर्यंत जायला हरकत नाही, बहुतेकांचं तेवढ्यात भागतं. त्यापुढे ४.६ चा हट्ट धरणं आपल्याकडच्या उन्हाळ्यात परवडत नाही.

अर्थात, आधी अडतंय कुठे ते बघा. मशीन रखडलेली असताना टास्क मॅनेजर उघडा. डिस्क १०० टक्क्यांवर आणि प्रोसेसर तिशीत लोळत असेल, तर हा सगळा खटाटोप सोडा आणि एक साटा एसएसडी बसवा. प्रोसेसरच छताला टेकत असेल तर पुढे वाचा.

ओव्हरक्लॉक

पहिली अट बोर्डाची. त्यावर पी६७, झेड६८, झेड७५ किंवा झेड७७ चिपसेट (बोर्डाची मुख्य चिप) असेल तरच मल्टिप्लायर, म्हणजे बेस क्लॉकला ज्या आकड्याने गुणून प्रोसेसरचा वेग ठरतो तो, वाढवता येतो. एच६१, एच६७ किंवा बी७५ वर 'के' मॉडेल (ज्याचा मल्टिप्लायर खुला असतो) असूनही काही उपयोग नाही. आणि या पिढीत वेग वाढवायचा तो मल्टिप्लायरनेच. १०० मेगाहर्ट्झच्या बेस क्लॉकला हात लावू नका, कारण पीसीआय एक्स्प्रेस आणि साटा त्याच घड्याळावर चालतात. प्रोसेसर तग धरेल, पण हार्ड डिस्कवरचा डेटा खराब होऊ शकतो.

आता खरा हिशोब. प्रोसेसरची उष्णता वेगाच्या प्रमाणात वाढते, आणि व्होल्टेजच्या वर्गाच्या प्रमाणात. चारही कोअर कामात असताना २५००के मुळात ३.४ वर चालतो. त्याला समजा १.२ व्होल्ट लागतात. ४.२ साठी १.२५ पुरले, तर वेग साधारण २३ टक्के वाढला आणि उष्णता ३४ टक्के. आता ४.६ साठी १.४ व्होल्ट द्यावे लागले, तर उष्णता मूळच्या १.८४ पट होते. म्हणजे ४.२ वरून ४.६ वर जाताना हातात पडतो जेमतेम साडेनऊ टक्के जास्त वेग, आणि त्यासाठी उष्णता आणखी ३७ टक्के वाढते. प्रत्येक चिपचे आकडे थोडे वेगळे येतील, पण आलेखाचा उतार हाच.

व्होल्टेजच्या बाबतीत एक गैरसमज फार जुना आहे. इंटेलच्या डेटाशीटमध्ये १.५२ व्होल्ट हा आकडा सापडतो आणि लोक तीच सुरक्षित मर्यादा धरून बसतात. तो रोजच्या वापराचा सल्ला नव्हे. एअर कूलरवर रोज चालवायचं असेल तर १.३५ च्या खाली राहा. बोर्डाचं 'ऑटो' व्होल्टेज गरजेपेक्षा जास्तच देतं, तेव्हा तेही बंद करा.

सोबत आलेला चपटा ॲल्युमिनियमचा कूलर या कामाचा नाही. हायपर २१२ सारखा टॉवर कूलर लागेल. जुना काढताना तो सरळ ओढू नका. मशीन दहाएक मिनिटं चालवून गरम करा, बंद करून प्लग काढा, मग कूलर हलकेच डावी-उजवीकडे फिरवून सोडवा. खाली थर्मल पेस्टचा खडूसारखा पांढरा पापुद्रा दिसेल. तो आयसोप्रोपिल अल्कोहोलने पुसून नवी पेस्ट लावा. तेवढ्यानंही तापमान खाली येतं. बोर्डावर एखादा कपॅसिटर फुगलेला दिसला, तर मात्र ओव्हरक्लॉकिंगचा विचार तिथेच थांबवा.

मग मल्टिप्लायर एकेक पायरी चढवा. दर पायरीला प्राइम९५ किंवा ओसीसीटी हे प्रोसेसरवर पूर्ण ताण देणारं सॉफ्टवेअर चालवा आणि शेजारी एचडब्ल्यूइन्फो या सॉफ्टवेअरमध्ये तापमान आणि डब्ल्यूएचईए एरर (विंडोजने नोंदवलेल्या हार्डवेअरच्या चुका) दोन्ही बघत राहा. मशीन बंद पडत नाही, पण तिथे एररचा आकडा वाढतोय, याचा अर्थ ती स्थिर नाही. निळ्या पडद्यावर 'क्लॉक वॉचडॉग टाइमआउट' आलं तर बहुधा व्होल्टेज कमी पडतंय. एक पायरी उतरा किंवा किंचित व्होल्टेज द्या.

हे सगळं जानेवारीत केलंत तर फसाल. खोली जितकी तापते, साधारण तितकाच प्रोसेसरही. थंडीत २० अंशांच्या खोलीत ६८ दाखवणारी मशीन नागपूर-अकोल्याच्या मे महिन्यात, खोली ४० अंशांवर असताना, ८८ च्या आसपास जाते. २५००के ९८ अंशांवर स्वतःच वेग कमी करतो. म्हणून चाचणी हिवाळ्यात असेल तर कमाल ७० धरा.

सेकंडहँड आय७-३७७०

२०१२ चा हा प्रोसेसर २२ नॅनोमीटरचा. कोअर चारच, पण थ्रेड आठ. टीडीपी, म्हणजे कूलरने हटवायची उष्णता, २५००के च्या ९५ ऐवजी ७७ वॉट. सगळे कोअर कामात असताना वेग ३.७. गेम हलका असेल तर हा आणि ४.२ वरचा २५००के यांच्यात फरक जाणवणार नाही. व्हिडिओ रेंडर करताना, किंवा नवे गेम चार थ्रेडवर अडखळतात तिथे, आय७ स्पष्ट पुढे जातो. शिवाय झेड६८-झेड७७ बोर्डावर 'के' नसलेल्या या मॉडेललाही चार पायऱ्या वर चढवता येतं, म्हणजे सगळ्या कोअरवर ४.१. मात्र याच्या झाकणाखाली सँडी ब्रिजसारखं (२५००के च्या पिढीसारखं) सोल्डर नाही, पेस्ट आहे. व्होल्टेज वाढवलं की हा लवकर तापतो.

पी६७-झेड६८ वर आधी बायोस (बोर्डातलं मूळ सॉफ्टवेअर) अपडेट लागतं, आणि ते जुना प्रोसेसर जागेवर असतानाच करायचं. यूपीएस नसेल तर भारनियमनाच्या वेळा बघून करा.

नवी मशीन

दोन गोष्टी वर सांगितलेल्या कुठल्याच वाटेने मिळत नाहीत. एव्हीएक्स२ (नव्या प्रोसेसरांतला खास सूचनांचा संच) या दोन्ही प्रोसेसरांत नाही, त्यामुळे ते मागणारे गेम आणि सॉफ्टवेअर ४.२ वर काय, ५ वर नेलं तरी उघडणार नाहीत. दुसरं, विंडोज १० ची नियमित सुरक्षा अपडेट १४ ऑक्टोबर २०२५ ला थांबली, आणि विंडोज ११ अधिकृतपणे या दोन्हींवर चालत नाही. याच मशीनवर बँकेचे व्यवहार होत असतील तर एक तर लिनक्स टाका, नाहीतर नवी मशीन घ्या.

घ्यायचीच झाली तर आय३-१२१००एफ किंवा रायझन ५ ५६०० पुरे. दोघांनाही वेगळं ग्राफिक्स कार्ड हवंच. जुनी डीडीआर३ रॅम कामाला येणार नाही, एसएसडी आणि कॅबिनेट येतील. एसएमपीएस (वीजपुरवठ्याचा डबा) दहा वर्षांचा असेल तर त्याला मात्र नव्या बोर्डाला जोडू नका.