बॉक्सिंग कोट्स पोस्टर सेट (12 नग, ए3): कागद झकास, नावांचा मात्र आनंदीआनंद

भावाने जिमच्या वरच्या मजल्यावर बॉक्सिंग सेक्शन काढलाय, दोन बॅगा टांगल्यात, मॅट टाकलीये, पण भिंत एकदम भकास दिसत होती म्हणून ऑनलाइन शोधता शोधता हा सेट सापडला, 649 रुपयांना. "जुन्या दिग्गज बॉक्सर्सचे अजरामर विचार" असं वर लिहिलेलं. सेलरचं नाव देत नाही कारण हाच माल चार वेगवेगळ्या नावांनी विकायला आहे, फोटो तेच, फक्त कोपऱ्यातला वॉटरमार्क बदललेला.

आधी वस्तूबद्दल बोलतो. कागद जाड आहे, मॅट फिनिश, ट्यूबमधून आला त्यामुळे कोपरे शाबूत, काळा रंग काळाच आलाय, धुरकट राखाडी नाही. सोबत दिलेली डबल साइड टेप सरळ फेकून द्या, घामट हवेत रात्रीतून सुटते. एवढंच असतं तर साडेचार स्टार देऊन गप्प बसलो असतो.

पण मला जुन्या बॉक्सिंगचं वेड आहे आणि पोस्टर लावता लावता वाचायला लागलो तर डोकंच फिरलं राव.

सगळ्यात भारी नमुना ऐका. "द बिगर दे आर, द हार्डर दे फॉल", म्हणजे जेवढा मोठा गडी तेवढा जोरात आपटतो, हे वाक्य या सेटमध्ये दोनदा आहे, दोन वेगवेगळ्या माणसांच्या नावावर. एकावर बॉब फिट्झसिमन्स, दुसऱ्यावर जो वॉलकॉट. आता वॉलकॉट दोन होऊन गेले. एक बार्बाडोसचा, बुटका, वेल्टरवेट (हलक्या वजनगटातला) चॅम्पियन, 1900 च्या आसपासचा, काही लोक हे वाक्य त्याच्या नावावर सांगतात. दुसरा जर्सी जो वॉलकॉट, ज्याचं खरं नाव आर्नल्ड क्रीम, त्याने पहिल्याचंच नाव उचललं आणि 1951 ला हेवीवेट (सगळ्यात जड गटाचा) चॅम्पियन झाला. पोस्टरवर फोटो या दुसऱ्याचा! जो 1914 ला जन्मला त्याच्या तोंडी त्याच्या जन्माआधीच फिरत असलेलं वाक्य. आणि फोटो तरी कुठला लावावा, तर 1952 च्या फिलाडेल्फियाच्या फाइटचा, ज्यात रॉकी मार्सियानोचा उजवा ठोसा त्याच्या जबड्यावर बसलाय आणि अख्खा चेहरा वाकडा झालाय. म्हणजे पोस्टरवर जो "बोलतोय" तोच खाली पडायच्या बेतात आहे. डिझाइनरने बहुतेक नाव टाकून सर्च मारला आणि जो पहिला फोटो आला तो चिकटवला.

फिट्झसिमन्सच्या बाजूने निदान छापील पुरावा आहे. 1900 च्या ऑगस्टमध्ये ब्रुकलिनच्या पेपरात त्याचं वाक्य आलं होतं, फक्त त्यात "हार्डर" नाही, "जेवढे मोठे तेवढं जास्त लांबून पडावं लागतं" अशा धर्तीचं आहे. आणि ही कल्पना त्याच्याही शेकडो वर्षं आधीपासून म्हणींमध्ये होतीच, त्यामुळे त्याने शोधून काढली असं नाही, वापरली एवढंच. पण त्याला ते शोभून दिसत होतं, कारण हा माणूस मुळात मिडलवेट, म्हणजे मधल्या वजनाच्या अंगाचा आणि त्याच महिन्यात त्याने गस रुलिन आणि टॉम शार्की हे दोन दांडगे हेवीवेट नॉकआऊट केले. गंमत अशी की गोष्ट सांगणारे नेहमी हे वाक्य हेवीवेट जेम्स जेफ्रीजच्या फाइटला जोडतात, आणि जेफ्रीज तर पडलाच नाही! 1899 ला अकराव्या राउंडला आणि 1902 ला आठव्या राउंडला, दोन्ही वेळा फिट्झच आडवा झाला.

मग येतो हेवीवेट चॅम्पियन जो लुईस. पोस्टरवर "यू कॅन रन बट यू कॅन्ट हाइड". आता हे वाक्य खरंच लुईसचं आहे, जून 1946 मध्ये न्यूयॉर्कच्या पेपरात छापून आलंय, पण तो "यू" (तू) म्हणाला नव्हता, "ही" (इंग्रजीतला, म्हणजे तो) म्हणाला होता. आणि हा "ही" म्हणजे समोरचा बॉक्सर बिली कॉन. 1941 ला कॉनने लुईसला बारा राउंड नाचवलं होतं, पॉइंट्सवर पुढे होता, फक्त शेवटपर्यंत सुरक्षित खेळला असता तर बेल्ट त्याचा होता, पण तेराव्या राउंडला हे महाशय नॉकआऊट करायला पुढे गेले आणि स्वतःच झोपले. मध्ये युद्ध आलं, पाच वर्षांनी रीमॅच ठरली, आणि कॉनच्या पळापळीबद्दल विषय निघाला तेव्हा लुईसने हे ऐकवलं: पळेल, पण लपणार कुठे? आठव्या राउंडला खेळ खलास. हे माहीत असलं की अंगावर काटा येतो आणि पोस्टरवर काय उरलंय, तर ऑफिसच्या एचआरने मीटिंगमध्ये टाकावं असं वाक्य. कॉन गायब, 1941 गायब.

हाच घोळ टायसनच्या "एव्हरीबडी हॅज अ प्लॅन" (प्लॅन सगळ्यांकडे असतो, तोंडावर ठोसा बसेपर्यंत) मध्ये पण आहे, 1987 ला टायरेल बिग्जच्या फाइटआधी तो बोलला तेव्हा "पहिला फटका बसेपर्यंत" इतकंच होतं, ते तोंडावर ठोसा वगैरे नंतर आलं, पण टायसन स्वतःच पुढे तसं सांगायला लागला म्हणून सोडून देऊ.

सगळ्यात जास्त अन्याय मुहम्मद अलीवर. ज्या माणसाने आयुष्यभर कॅमेऱ्यासमोर तोंड बंद ठेवलं नाही, 1974 ला फोरमनच्या फाइटआधी मी दगडाला जखमी केलं, विटेला हॉस्पिटलात पाठवलं असलं भन्नाट काहीतरी रेकॉर्डवर बोलून ठेवलं, त्याच्या नावावर उसनी वाक्यं कशाला? सेटमध्ये अलीचे तीन पोस्टर. "इम्पॉसिबल इज नथिंग" आणि त्याखाली तो लांबलचक पॅरा, हा एका बुटाच्या कंपनीच्या 2004 च्या जाहिरात मोहिमेचा मजकूर आहे, एजन्सीतल्या कॉपीरायटरने लिहिलेला, अली त्या मोहिमेत होता म्हणून त्याचा झाला. दुसरं ते डोंगर थकवत नाही, बुटातला खडा थकवतो वालं, हे तर अलीच्या जन्माआधी, म्हणजे 1942 च्या कितीतरी आधी अमेरिकेत छापून येत होतं, तेव्हा खड्याऐवजी वाळूचा कण होता. तिसरं फुलपाखरासारखं तरंगायचं आणि मधमाशीसारखा डंख मारायचा वालं, ते अस्सल, 1964 च्या लिस्टन फाइटच्या वेळचं, पण त्यात त्याच्या कोपऱ्यातला मदतनीस बुंदिनी ब्राऊन याचा हात होता, त्याचं नाव छापायला कोण बसलंय. आपल्याकडे व्हॉट्सॲपवर कुठलंही खडूस वाक्य नाना पाटेकरांच्या फोटोखाली खपवतात, तसाच प्रकार.

मला आता एक वास यायला लागलाय. जुन्या बॉक्सरचं अस्सल वाक्य बहुतेक वेळा कुणाबद्दल तरी असतं, कुठल्या तरी तारखेचं असतं, त्यात समोर एक गडी उभा असतो. यश, स्वप्न, डोंगर, आयुष्य असले शब्द आले की संशय घ्यायचा. हेवीवेट चॅम्पियन जॅक डेम्प्सीचंच बघा, 1926 ला फिलाडेल्फियात जीन टनीकडून हरला, लाखाच्या वर पब्लिक, चेहरा सुजलेला, बायको विचारते काय झालं, हा म्हणतो "हनी, आय जस्ट फरगॉट टू डक". वाकायला विसरलो. बस्स! ते नवरा-बायकोतलं बोलणं, साक्षीदार ते दोघंच, पण किस्सा डेम्प्सीनेच सांगितलेला आणि त्यात कसलाच उपदेश नाही. 1981 ला गोळी लागल्यावर अमेरिकेचा अध्यक्ष रेगनने आपल्या बायकोला हेच ऐकवलं. हा पोस्टर नाव, फोटो सगळं बरोबर असलेला निघाला, त्यामुळे तो आरशाशेजारी, सगळ्यात मोक्याच्या जागी. पोरं विचारतात सर हा हरलेला माणूस इथे का लावलाय, तर भाऊ म्हणतो गार्ड (तोंडासमोर धरलेले हात) खाली आला की वर बघायचं.

जर्मन बॉक्सर मॅक्स श्मेलिंगचा मॅनेजर जो जेकब्ज 1932 ला जॅक शार्कीच्या (वरचा टॉम शार्की वेगळा) फाइटचा निकाल विरोधात गेलेला ऐकून माइकवर ओरडला होता "वुई वॉज रॉब्ड", म्हणजे आम्हाला लुटलं, ते या सेटमध्ये हवं होतं. स्पॅरिंगनंतर (सरावाच्या लढतीनंतर) रोज कुणीतरी तेच म्हणत असतं.

सेलरला चॅटवर सगळं लिहिलं, वॉलकॉटच्या दोन फोटोंसकट. उत्तर आलं, "सर कोट्स इंटरनेटवरून घेतले आहेत, प्रॉडक्ट डॅमेज असल्यास फोटो पाठवा." रिटर्नही त्याच कारणासाठी नाकारलं, कारण डॅमेज नाही.

घ्यायचाच असेल तर भिंत भरायला घ्या, वाक्य पाठ करायला नको. लुईसच्या पोस्टरवर मी पांढऱ्या मार्करने "यू" खोडून "ही" केलंय आणि खाली बारीक अक्षरात बिली कॉन, 1946. वॉलकॉट आणि बुटाच्या जाहिरातीवाला असे दोन उलटे करून लावलेत, मागची बाजू कोरी आणि चांगली गुळगुळीत आहे, त्यावर बॅचचं टाइमटेबल आणि फी लिहिलीये. तीन स्टार, त्यातले दोन कागदाला.