आत ट्रान्सफॉर्मर आहे असं सांगून विकलेला डबा

पेडलबोर्डवरून (गिटारच्या इफेक्ट पेडल्सची फळी) दोन अँप म्हणजे अँप्लिफायर वापरायचा विचार असेल आणि कुणी ‘हाताने बनवलेला, पूर्ण आयसोलेटेड’ एबीवाय बॉक्स, म्हणजे गिटारचा सिग्नल ए, बी किंवा दोन्ही अँपना पाठवणारा डबा देत असेल, तर पैसे देण्याआधी हे वाचा. माझे साडेनऊ हजार गेले. त्याहून जास्त संताप मला विकणाऱ्या माणसाने नंतर दिलेल्या सल्ल्याचा आहे. त्या सल्ल्याने माणूस मरू शकतो.

मी पुण्यात एका वाद्यवृंदात गिटार वाजवतो. जुन्या गाण्यांना स्वच्छ, घंटेसारखा आवाज हवा असतो आणि पुढच्याच गाण्यात कडकडीत डिस्टॉर्शन. एकाच अँपवर दोन्ही केलं की दोन्हीकडे तडजोड होते. म्हणून ठरवलं, स्वच्छ आवाजाला माझा १५ वॉटचा फेंडर आणि ड्राइव्हला मित्राचा ४० वॉटचा मार्शल. बोर्डच्या शेवटी, डिलेच्या (प्रतिध्वनी देणाऱ्या पेडलच्या) पुढे, एक फूटस्विच. पायाने दाबलं की सिग्नल या अँपला, त्या अँपला किंवा दोघांना.

ऐकायला सोपं वाटतं, पण खरी अडचण असते हमची. दोन्ही अँप थ्री-पिनने भिंतीतल्या अर्थला जोडलेले असतात. गिटारच्या केबलमधली तारेभोवतीची धातूची जाळी पुन्हा त्या दोघांना एकमेकांशी जोडते. अर्थचं असं वर्तुळ पूर्ण झालं की त्यातून मेन्सचे ५० हर्ट्झ फिरायला लागतात आणि स्पीकरमधून भुंग्यासारखी घूंऽऽ सुरू होते. यावर सुरक्षित इलाज म्हणजे एका आउटपुटला १:१ चा ऑडिओ ट्रान्सफॉर्मर. सिग्नल चुंबकीय मार्गाने पलीकडे जातो, तांब्याची जोड राहत नाही. चांगल्या बॉक्सची किंमत मुख्यतः या ट्रान्सफॉर्मरचीच असते आणि फसवणूकही इथेच होते, कारण तो बाहेरून दिसत नाही.

जाहिरातीत ट्रान्सफॉर्मर आयसोलेशन आणि फेज स्विच (एका अँपचा सिग्नल उलटा करणारं बटण) दोन्ही लिहिलं होतं. मी त्या माणसाच्या घरी गेलो. त्याने दोन अँप जोडून ठेवले होते. गिटार लावली, तिन्ही प्रकारे दाबून पाहिलं, हम अजिबात नाही. बॉक्स हातात जड लागत होता. मी झाकण उघडून बघू का विचारलं, तर म्हणाला, “दादा, आत सर्किट एपॉक्सीत बसवलंय, माझं स्वतःचं डिझाइन आहे. निर्धास्त राहा.” मी पैसे दिले.

दुसऱ्या दिवशी तालमीत दोन्ही अँप चालू केले आणि घूं इतकी की तबलजी हात थांबवून माझ्याकडे बघायला लागले. केबल बदलल्या, एकाच एक्स्टेंशन बोर्डवर दोघांना घेतलं, तरी तेच. फेज स्विच इकडेतिकडे केला. दोन अँप एकत्र वाजत असताना फेज उलटली की आवाज ठळक बदलायलाच हवा, एका बाजूला भरीव तर दुसऱ्या बाजूला पोकळ. इथे तसूभरही फरक नाही.

त्याला फोन केला. तो शांतपणे म्हणाला, “एका अँपच्या टॉपची, म्हणजे प्लगची, अर्थ पिन काढून टाका. सगळे तेच करतात.”

तेव्हा माझ्या डोक्यात प्रकाश पडला. त्याच्या घरच्या दुसऱ्या अँपला दोन पिनांचा टॉप होता. मी तो पाहिला होता, पण त्याचा अर्थ लावला नव्हता. एका अँपला अर्थच नसेल तर वर्तुळ बनणारच नाही. मग मधला बॉक्स कसाही असो, हम येणार नाही. तो डेमोच तसा रचलेला होता.

अर्थ पिन काढणं किती भयंकर आहे हे सांगितल्याशिवाय पुढे जाववत नाही. व्हॉल्व्ह अँपमध्ये शेकडो व्होल्ट असतात, आणि भिंतीतले २३० व्होल्ट तर असतातच. आत बिघाड होऊन चेसिसवर, म्हणजे अँपच्या धातूच्या सांगाड्यावर, मेन्स आला की अर्थ असेल तर फ्यूज उडतो. अर्थ नसेल तर तो करंट जाळीतून गिटारच्या तारांवर येतो. डावा हात तारांवर आणि ओठ माइकला, की मधे आपलं शरीर. ३ मे १९७२ रोजी वेल्समधल्या स्वान्सीत स्टोन द क्रोज बँडचा गिटारवादक लेस हार्वी असाच रंगमंचावर अर्थ नसलेल्या माइकला हात लागून गेला. वय होतं सत्तावीस. दुसऱ्या अँपमार्फत केबलच्या जाळीतून अर्थ मिळतोच, असं काही जण म्हणतात. ती बारीक जाळी त्या कामासाठी नसते, आणि मध्येच केबल निघाली तर तोही आधार संपतो.

रविवारी मी बॉक्स घेऊन तपकीर गल्लीत ओळखीच्या दुरुस्तीवाल्या काकांकडे गेलो. त्यांनी झाकण उघडायच्या आधी मल्टीमीटर कंटिन्युइटीवर ठेवला, म्हणजे दोन टोकं तांब्याने जोडलेली असली की तो बीप देतो. एक टोक ए जॅकच्या बाहेरच्या धातूला, दुसरं बी जॅकच्या. बीप वाजला. आयसोलेटेड बॉक्समध्ये तो वाजता कामा नये. मग त्यांनी बोटाने दाखवलं की दोन्ही जॅकचे नट थेट पत्र्यावर कसले होते. वेगळ्या ठेवलेल्या जॅकखाली प्लास्टिकचं वॉशर लागतंच. एवढं मला विकत घेतानाच, उभ्या उभ्या दिसलं असतं.

झाकण निघालं तेव्हा आत दोन फूटस्विच, जॅक, एलईडी आणि काळ्या एपॉक्सीचा गोळा होता. काकांनी तो फोडला, तर आतून एक जाडजूड नट-बोल्ट निघाला. वजनासाठी घातलेला. फेज स्विचच्या टोकांना एकही वायर जोडलेली नव्हती.

फोटो पाठवले तर त्याने नंबर ब्लॉक केला. पैसे मिळाले नाहीत.

काकांनी त्याच डब्यात १० किलोओहमचा १:१ ट्रान्सफॉर्मर बसवून दिला, बी जॅक प्लास्टिकच्या वॉशरवर घेतला, फेज स्विच खरोखर जोडला. डिलेतला बफर (सिग्नलला जोर देणारं सर्किट) आधी असल्यामुळे ट्रान्सफॉर्मरने आवाजाची धार खाल्ली नाही. थेट गिटार लावली असती तर ती खाल्ली असती, हेही लक्षात ठेवा. आता दोन्ही अँपना अर्थ आहे आणि हम नाही. बॉक्स घ्यायला जाल तेव्हा मीटर बरोबर न्या, आणि डेमोचे अँप दोन्ही थ्री-पिनचे आहेत ना, पिना शाबूत आहेत ना, हे वाकून बघा. झाकण उघडू देत नसेल तर परत या.

हे लिहायचं तातडीचं कारण वेगळंच आहे. ओळखीच्या वादकांना फोटो दाखवले तेव्हा कॉलेजातला एक मुलगा म्हणाला, माझ्याकडेही तोच डबा आहे, पण माझा हम गेला. कसा, विचारलं. त्याने पक्कड घेऊन अर्थ पिन कापली होती, त्या माणसाच्याच सांगण्यावरून, आणि महिनाभर तो त्याच अँपवर गात वाजवत होता. त्याच संध्याकाळी मी त्याच्या घरी गेलो, नवा थ्री-पिन टॉप लावला आणि मीटरचं एक टोक चेसिसला, दुसरं टॉपच्या मोठ्या पिनला लावून बीप येईपर्यंत तिथून उठलो नाही.