गाडीला फवारा की ब्युटाइल शीट?

“मामा, गाडीतला आवाज कमी करायला आतून पत्र्यावर आवाज दाबणाऱ्या लेपाचा फवारा मारून घेऊ की ब्युटाइलची, म्हणजे चिकट रबराची, शीट चिकटवू?” खानापूरचा भाचा विचारतोय. जांबोटीवरून चोर्ला घाटात त्याची रोजची ये-जा. पावसात टपावर नुसता ताशा वाजतो.

मेहनत बघितली तर शीट सोपी. पत्रा थिनरनं पुसायचा, शीट लावायची, रोलर दाबून फिरवायचा. खाली हवा राहिली तर काम वाया. दाराच्या पत्र्याचा निम्मा भाग झाकला तरी टिचकी मारून बघ: ‘टण्ण’ जाऊन ‘ठप्प’ येतं. पूर्ण मढवायची गरज नाही, तिथंच पैसे वाचतात. फक्त स्वस्त डांबरी शीट घेऊ नकोस, उन्हात ती मऊ पडते, वास मारते.

फवाऱ्याला कंप्रेसर, गन, मास्किंग (नको तिथं कागद-टेप लावून झाकणं) लागतं. थरावर थर देत 2-3 मिलिमीटर जाडी आणायची. लेप पाण्यात कालवलेला असेल तर आपल्याकडच्या जुलैत लवकर वाळतच नाही. पण चाकाच्या कमानीत, कानाकोपऱ्यात तोच बसतो. नंतर डेंट काढायचा झाला तर मात्र खरवडताना जीव जातो.

उष्णता दोन्हींनी फारशी अडत नाही. टपाला आतून, शीटवर, बंद पेशींचा (पाणी न शोषणारा) फोम हवाच.

तुझ्या टपाला आणि दारांना शीटच लाव. खडीचा आवाज खालून येत असेल, तर कमानींना फवारा, तोही गंज काढून, पावसाळ्याआधी.