सहा आकडे मीच वाचून दाखवले

मार्चमध्ये माझी नोकरी गेली. सतरा वर्षं सॉफ्टवेअरचं टेस्टिंग केलं, ग्रीनकार्ड झालं, घराचे हप्ते चालू, आणि एका व्हिडिओ कॉलवर बारा मिनिटांत सगळं आटोपलं. राज्याचं नाव लिहीत नाही, अमेरिकेच्या पूर्व किनाऱ्यावर आहे एवढं पुरे.

अनएम्प्लॉयमेंटचा, म्हणजे बेकारी भत्त्याचा, क्लेम भरायला मन धजेना. सांगलीहून आईने विचारलं, "म्हणजे सरकार घरी बसायचे पैसे देतं?" आणि मी उगाच ओशाळले. खरं तर हा विमा आहे, १९३५च्या सोशल सिक्युरिटी कायद्यापासून चालत आलेला. त्याचा कर बहुतेक राज्यांत कंपनीच भरते. ग्रीनकार्डवाल्याने तो घेतला म्हणून 'पब्लिक चार्ज'चा, म्हणजे सरकारवर भार असल्याचा, शिक्का बसत नाही. (एच-वन-बीवाल्यांचं गणित वेगळं, त्यांनी आधी वकिलाला विचारावं.) हे सगळं वाचूनही लाज गेली नाही, आणि त्या लाजेपायी इथल्या मराठी मंडळातल्या कुणालाच काही विचारलं नाही. आमच्याच मंडळातल्या दोघीजणी यातून गेल्या होत्या, हे मागाहून कळलं.

क्लेम ऑनलाइन भरला. दर आठवड्याला सर्टिफाय करायचं, म्हणजे पोर्टलवर उत्तरं भरायची: काम करायला तयार होतात का, काम शोधलं का, काही कमाई झाली का. मी नेमाने करत होते. पैसे मात्र येईनात. पोर्टलवर एकच शब्द, 'पेंडिंग'. कारण कंपनीने काढताना दिलेली रक्कम, म्हणजे सेव्हरन्स. ती कशी धरायची याचे नियम राज्याराज्यांत वेगळे, आणि माझी फाइल कुणीतरी माणसाने उघडून बघितल्याशिवाय पुढे सरकणार नव्हती.

तो माणूस गाठायचा कसा? बेकारी भत्ता खात्याची फोन लाइन सकाळी आठला उघडायची. मी सात अठ्ठावन्नलाच चहा घेऊन बसायची. आठच्या ठोक्याला फोन लावला तरी रेकॉर्ड केलेली बाई चार मिनिटं नियम ऐकवायची, मग एक दाबा, तीन दाबा, सोशल सिक्युरिटी नंबर टाका, आणि शेवटी 'सध्या खूप कॉल आहेत, नंतर प्रयत्न करा' म्हणून फोन कट. एका सकाळी एकसष्ट वेळा लावला. मोजले, कारण दुसरं कामच नव्हतं.

अकराव्या दिवशी राज्याचं नाव टाकून पुढे 'लाइव्ह पर्सन' असं शोधलं. सगळ्यात वर एक साइट आली. घुमटाची इमारत, झेंडा, निळी पट्टी. बारीक अक्षरात 'स्पॉन्सर्ड' लिहिलं होतं, ते मी नंतर पाहिलं. पत्त्याच्या शेवटी सरकारी साइटचं 'डॉट गव्ह' नव्हतं, तेही नंतर. ४९ डॉलर भरा, तुमच्या वतीने आम्ही लाइनवर थांबतो. आरटीओच्या दारात एजंट बघत वाढलेल्या माणसाला यात वावगं काय दिसणार? फॉर्ममध्ये जन्मतारीख, पूर्ण सोशल सिक्युरिटी नंबर आणि 'तुमची अडचण काय' असा एक रकाना होता. सगळं भरलं.

वीस मिनिटांत फोन आला. इतका अदबशीर माणूस महिन्याभरात भेटला नव्हता. माझं आडनाव त्याने एकदाही मोडलं नाही. "मॅडम, तुमचा क्लेम समोर आहे, सेव्हरन्सवर अडकलाय ना?" याला कसं कळलं याचंच मला अप्रूप. त्या रकान्यात मीच लिहिलं होतं की! मग म्हणाला, ओळख पटवायला फोनवर कोड येईल, तेवढा सांगा. कोड आला. पहिल्या ओळीत सहा आकडे. दुसऱ्या ओळीत: हा कोड कुणालाही सांगू नका, आमचा कर्मचारीसुद्धा तो मागणार नाही. मी पहिली ओळ वाचली. सावकाश, एकेक आकडा, त्याला नीट लिहून घेता यावा म्हणून. 'सुरक्षेसाठी' नवा पासवर्डही त्यानेच दिला, आणि मी तो डायरीत लिहून घेतला.

गंमत बघा, पुढच्याच आठवड्यात क्लेम खरंच मंजूर झाला. त्याचा यात काही हात नव्हता, माझा नंबर लागला होता इतकंच. आठवड्याला ६२२, तीन आठवड्यांचे १,८६६ डॉलर, पोर्टलवर 'पेड'. बँकेत शून्य. लागत असतील दोन दिवस, असं म्हणत चार दिवस घालवले. शेवटी पोर्टलवर बँकेची माहिती उघडली, तर बँक खात्याचे शेवटचे चार आकडे माझे नव्हते.

पुढचं थोडक्यात. पासवर्ड बदलला, पोलिसांत तक्रार दिली, 'आयडेंटिटीथेफ्ट डॉट गव्ह'वर रिपोर्ट केला, इक्विफॅक्स, एक्सपीरियन आणि ट्रान्सयुनियन या तिन्ही क्रेडिट कंपन्यांकडे क्रेडिट फ्रीझ केलं, म्हणजे माझ्या नावावर दुसऱ्या कुणाला कर्ज काढता येऊ नये. फ्रीझला २०१८पासून एक पैसा लागत नाही, त्याचेही पैसे मागणारे भेटतील. क्लेम भरणं आणि बेकारी भत्ता खात्याशी बोलणंसुद्धा फुकटच असतं.

आणि माणूस अखेर कुठे भेटला? आमच्या भागाच्या स्टेट सेनेटरच्या, म्हणजे राज्याच्या विधिमंडळातल्या प्रतिनिधीच्या, ऑफिसात. अडकलेल्या क्लेमची चौकशी ही मंडळी करून देतात, हे अमेरिकन जॉब सेंटर या सरकारी रोजगार केंद्राच्या काउंटरवरच्या बाईंनी सांगितलं. मला इथे मतदानाचा हक्क नाही, पण सेनेटरच्या ऑफिसातल्या मुलीने ते विचारलंही नाही. एक पानाचा संमतीचा फॉर्म घेतला, आणि चौथ्या दिवशी क्लेम तपासणाऱ्या अधिकाऱ्याचा फोन आला.

दोन आठवड्यांचे पैसे परत मिळाले. तिसऱ्याचं अपील चालू आहे. सुनावणी फोनवर असते. पोस्टाने पत्र आलंय: दिलेल्या वेळी फोनजवळ थांबा, अधिकारी स्वतः कॉल करतील. तो कॉल खरंच त्यांचाच आहे हे मी कशावरून ओळखायचं, ते मात्र पत्रात कुठेच नाही.