सोलापूरच्या हिवाळ्यातील क्रोशे आणि भरतकाम : काही महिन्यांच्या वापरानंतर

दिवाळीनंतर घेतलेले क्रोशे आणि भरतकामाचे साहित्य फाल्गुन सरत आला तरी माझ्या रोजच्या वापरात आहे. त्यामुळे त्यातले काय टिकले, काय माळ्यावर गेले आणि सोलापूरच्या हवेत या दोन छंदांपैकी कोणता कितपत मानवतो, हे आता खात्रीने लिहिता येईल. साहित्य साधेच होते : अ‍ॅल्युमिनियमच्या क्रोशाच्या सुयांचा संच, रबरी मुठीची ३.५ मिलिमीटरची एक वेगळी सुई, अ‍ॅक्रिलिक लोकरीचे आणि सुती दोऱ्याचे काही गुंडे, भरतकामाच्या दोन रिंगा, अँकर कंपनीच्या भरतकामाच्या दोऱ्याच्या लडी आणि ऑनलाइन मागवलेले भरतकामाचे एक तयार किट.

आधी हवामानाविषयी, कारण साहित्याची निवड त्यावरच ठरते. यूट्यूबवरचे बहुतेक व्हिडिओ बर्फाळ देशांतले असतात आणि त्यांत जाड लोकरीची पांघरुणे विणली जातात. आपल्याकडे डिसेंबर-जानेवारीत पहाटे पारा १५ अंशांच्या आसपास उतरतो आणि दुपारी पुन्हा ३० च्या घरात जातो, म्हणजे लोकर अंगाला हवीशी वाटते ती सकाळी आणि रात्री काही तासच. माझ्या हातात अ‍ॅक्रिलिकचा गुंडा पाहून आमच्या शेजारचे टॉवेल कारखानदार म्हणाले, “काका, चादरीच्या गावात राहून पांघरूण कशाला विणायला घेतलंय?” त्यांचे म्हणणे मला पटले. भौगोलिक मानांकन मिळालेली जॅकार्ड मागावर नक्षी विणलेली सोलापुरी चादर पेठेतल्या कोणत्याही दुकानात मिळते, सांगोल्याकडची घोंगडी घरात असते, आणि त्या दोन्हींपुढे हाताने विणलेले अ‍ॅक्रिलिकचे पांघरूण ऊब, टिकाऊपणा आणि किंमत या तिन्ही बाबतींत उणे पडते. क्रोशाने इथे करावेत ते रुमाल, तोरणे, पिशव्या, उशीचे अभ्रे, आणि तेही सुतात. अ‍ॅक्रिलिकचे रंग आकर्षक असतात, ते धुवायला सोपे आणि स्वस्तही पडते. परंतु संक्रांतीनंतर दुपारी हाताला घाम सुटू लागला की ते सुईवर चिकटते, आणि गरम इस्त्री लागताच त्याची वीण कायमची चपटी होते.

सुतासाठी मी दोन वाटा वापरून पाहिल्या. दुकानात मिळणारा क्रोशाचा तयार सुती दोरा घट्ट पिळाचा असतो, त्याला चमक असते आणि विणीतले उभे टाके, म्हणजे खांब, अगदी ठसठशीत उठून दिसतात. तोरणाला आणि रुमालाच्या काठाला त्याच्यासारखा दोरा नाही. मात्र मोठी पिशवी विणायची म्हटले की खर्च बराच वाढतो, कारण दोन सुयांवरच्या विणकामापेक्षा क्रोशाला दोरा मुळातच जास्त लागतो. दुसरी वाट सोलापूरकरांना सहज उपलब्ध आहे आणि तिचा फारसा कोणी विचार करत नाही. यंत्रमागासाठी येणाऱ्या सुती कोनांपैकी (शंकूच्या आकाराच्या रिळांपैकी) अर्धवट उरलेले कोन शेजाऱ्यांकडून मला किलोच्या भावाने मिळाले. ते २/२० काउंटचे होते; काउंट म्हणजे सुताच्या बारीकपणाचे माप. २० काउंटचे दोन पदर एकत्र पिळलेले हे सूत साधारण १० काउंटच्या एकेरी सुताइतक्या जाडीचे असते, आणि काउंटचा आकडा जितका मोठा तितके सूत बारीक, हा हिशेब माग असलेल्या घरांतल्या लहान मुलांनाही ठाऊक असतो. एवढ्या बारीक सुताचा एकच पदर क्रोशाला उपयोगी पडत नाही. म्हणून सहा कोन जमिनीवर मांडून त्यांचे सहा पदर एकत्र घेतले आणि ३.५ मिलिमीटरच्या सुईने विणले.

या सहापदरी सुताचा अनुभव संमिश्र आहे. वीण मऊ येते, पाणी चांगले शोषते आणि भांडी पुसण्याच्या रुमालासाठी तर मी आता दुसरे काही वापरत नाही. परंतु सहा पदर एकमेकांत पिळलेले नसल्यामुळे सुईचे टोक नेमके मधे घुसते आणि चार पदर ओढून आणते, दोन मागे सोडते. हे लगेच लक्षात न आल्यास पुढच्या ओळीत तिथे एक सैल फासा लोंबत राहतो. डाव्या तर्जनीवरून दोरा एकदा जास्तीचा गुंडाळला आणि सुईचा आकडा किंचित खाली वळवून फासा ओढला, तर हा त्रास पुष्कळ कमी होतो. रंगीत कोन असेल तर वीण सुरू करण्यापूर्वी सुताचा तुकडा कोमट पाण्यात पांढऱ्या चिंधीबरोबर भिजवून पाहणे आवश्यक आहे. पहिल्या धुण्यात वस्तू थोडी आटते, तेव्हा मापात तेवढी सूट ठेवावी.

सुयांच्या संचाबद्दल थोडक्यात सांगतो. संचातल्या दोन-तीनच मापांचा उपयोग झाला, बाकीच्या डब्यात तशाच आहेत. अ‍ॅल्युमिनियमच्या उघड्या सुईने पांढऱ्या सुतावर क्वचित करडी छटा उतरते, आणि बारीक दांडा बोटांत रुततो. रबरी मुठीची सुई त्यापेक्षा बरीच महाग पडली. पण अंगठ्याच्या बुंध्याशी येणारी कळ तिने थांबवली, आणि अर्ध्या तासाने हात मोकळा करण्याची सवय ठेवली तर संध्याकाळभर विणता येते. इंग्रजी नमुना वापरताना तो अमेरिकी पद्धतीचा आहे की ब्रिटिश हे आधी तपासावे, कारण अमेरिकी नमुन्यातला ‘सिंगल क्रोशे’ ब्रिटिश नमुन्यात ‘डबल क्रोशे’ म्हणून लिहिलेला असतो आणि विणीची उंची भलतीच येते.

क्रोशाचा खरा फायदा मला त्याच्या रचनेत दिसला. मागावर ताणा आणि बाणा असे दोन सूत एकमेकांना आडवे जातात, तर क्रोशात एकाच दोऱ्याचा फासा दुसऱ्या फाशातून ओढला जातो, आणि सुईवर उघडा राहणारा फासा बहुधा एकच असतो. त्यामुळे कुकरची शिट्टी झाली, दारावर कोणी आले, तर काम आहे तसे खाली ठेवून उठता येते. दोन सुयांवरच्या विणकामात उसवण्याची जी धास्ती असते ती इथे नाही. संक्रांतीच्या सुमारास भरणाऱ्या सिद्धेश्वराच्या गड्ड्याच्या यात्रेच्या दिवसांत घरी पाहुण्यांची सतत ये-जा होती, तरी तोरण गप्पा मारता मारताच पूर्ण झाले. (बाजारात क्रोशे म्हणून मिळणारी यंत्रावरची लेस प्रत्यक्षात वेगळ्या विणीची असते. एवढे माग असलेल्या या शहरातही क्रोशे हाताशिवाय होत नाही, याची मला गंमत वाटते.)

भरतकामाला अशी गप्पांची सोबत चालत नाही. त्याला उजेड लागतो, आणि तोही दिवसाचा. गडद कापडावर ट्यूबलाइटखाली टाके मोजणे माझ्या डोळ्यांना झेपले नाही, म्हणून हिवाळ्यातले सकाळचे कोवळे ऊन मी भरतकामासाठी राखून ठेवले. तयार किटबद्दल मात्र माझी स्पष्ट तक्रार आहे. कापडावर छापलेली निळी रेघ धुतल्यावरही गेली नाही, लाल दोऱ्याचा रंग शेजारच्या पांढऱ्या पाकळ्यांत उतरला, आणि त्यातली प्लॅस्टिकची रिंग कापड ताणून धरत नव्हती. त्याच पैशांत चांगल्या लडी, मॅटीचे (धागे मोजता येतील अशा जाडसर विणीचे) कापड आणि एक लाकडी रिंग घेणे केव्हाही श्रेयस्कर. अँकरच्या लडीत सहा पदरी ८ मीटर दोरा असतो. त्यातले दोन पदर सुटे करून भरले की एक लड बरीच पुरते, आणि माझ्याकडच्या एकाही लडीचा रंग अजून सुटलेला नाही. लाकडी रिंगच्या आतल्या कड्याला सुती पट्टी गुंडाळल्यास कापड घसरत नाही. रात्री काम थांबवताना रिंग काढून ठेवावी, नाहीतर कापडावर पडलेला गोल वण इस्त्रीनेही लवकर जात नाही.

साखळी टाका, काजटाका, गाठीचा टाका हे सर्व मी केले, पण मन रमले ते कसुतीत. धारवाडकडची ही कला सोलापूरला परकी नाही. इथल्या कित्येक घरांतल्या जुन्या इरकली साड्यांच्या पदरावर गोपूर, रथ, पालखी, हत्ती भरलेले दिसतात. कसुतीत गवंती, मुर्गी, नेगी आणि हेंथी असे चार टाके असतात. गवंतीत जाताना एक टाका सोडून एक टाका घेत जायचे आणि परत येताना सुटलेल्या जागा भरायच्या, त्यामुळे सुलट आणि उलट दोन्ही बाजू सारख्याच दिसतात. गाठ मारायची नसते आणि कापडावर आधी छापही नसतो; प्रत्येक टाका धागे मोजूनच घ्यावा लागतो. गोपुराची पायरी चढताना सुई कोणत्या वाटेने परतणार हे आधीच ठरवावे लागते, कारण मधेच वाट संपली तर उलट बाजूला लांब दोरा पडतो आणि दोन्ही बाजूंचे सारखेपण जाते. चौकडीच्या वहीत पेन्सिलीने वाट आखून घेण्याचा उपाय मला सर्वांत उपयोगी पडला. एका इंचात १४ घरे असलेल्या एडा कापडावर सराव केला की मॅटीवर हात बसतो. इरकलीच्या बारीक पोतावर थेट सुरुवात करण्याचा सल्ला मी कोणाला देणार नाही.

आता दुपारी तापू लागले आहे. ताणलेल्या कापडावर घामाच्या हाताचे डाग पडतात, म्हणून कसुतीची रिंग मी पुढच्या कार्तिकापर्यंत गुंडाळून ठेवणार आहे. सुती क्रोशे सकाळी ऊन चढेपर्यंत चालू राहील, आणि उरलेले अ‍ॅक्रिलिकचे गुंडे भाचीला बाहुल्या विणण्यासाठी द्यायचे ठरले आहे.