हृदयाचा सीटी स्कॅन: ठोके मंद करायचे की मशीन वेगवान शोधायचं?

फोंड्याच्या मामांना हृदयाचा सीटी सांगितला, तेव्हा नाडी ८८. चहा-कॉफी नको म्हणून बजावलं होतं, तरी चहा पिऊन आले! हलत्या हृदयाचं चित्र पुसट येतं. हृदयाला रक्त पुरवणारी उजवी धमनी तर फारच हलते; मग नसलेला अडथळा दिसतो किंवा असलेला लपतो.

जुना उपाय म्हणजे तासभर आधी ठोके मंद करणारी मेटोप्रोलॉलची गोळी. ठोके ६०-६५च्या आत आले की दोन ठोक्यांमधली विश्रांती लांबते आणि त्या शांत क्षणी चित्र टिपता येतं. खर्च नगण्य. पण दमेकऱ्याला किंवा रक्तदाब आधीच कमी असलेल्याला ही गोळी जपूनच, कधी अजिबात नाही.

दुसरा उपाय दोन एक्स-रे नळ्यांचं मशीन. एका नळीला चित्रासाठी रुग्णाभोवती अर्धा फेरा लागतो, दोन असल्या की पाव. फेरा ०.२५ सेकंदाचा असेल, तर सुमारे ६६ मिलिसेकंदांत काम होतं. नाडी जलद असली तरी बहुधा निभावतं. मशीन मात्र महागडं, सगळीकडे नसतं.

मी गोळीच्या बाजूचा. मामांना दमा नव्हता. तासाभरात नाडी ६२. ठोके अनियमित असते, तर मात्र त्या मशीनसाठी पणजीच काय, बेळगावही गाठलं असतं.